दारावर बसून चिनीत नेलेलं रामायण

१९७३ साल. बीजिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाच्या दारात बासष्ट वर्षांचा एक माणूस बसलेला असायचा. फोन वाजला की उचलायचा, ज्याचा असेल त्याला हाक मारायची, आलेली पत्रं वाटायची, कोण आलं कोण गेलं यावर लक्ष ठेवायचं. नेमून दिलेलं काम एवढंच. पण त्याच्या खिशात कागदाचे चिटोरे असायचे. वाल्मीकी रामायणातल्या श्लोकांचा अर्थ त्याने आदल्या रात्री घरी बसून त्यांवर चिनी गद्यात उतरवलेला असायचा. घरून वसतिगृहाकडे चालत येताना आणि दारावर बसल्या बसल्या तो त्या गद्याला पद्यात बसवायचा. समोर पुस्तक उघडून बसायची सोय नव्हती. रखवालदार संस्कृत पोथी वाचताना दिसला असता, तर त्या दिवसांत ते फार महागात पडलं असतं.

या माणसाचं नाव जी श्येनलिन. चिनी रीतीप्रमाणे आडनाव आधी येतं, म्हणजे ‘जी’ हे आडनाव. मराठीत नुसतं ‘जी’ वाचताना अडखळायला होतं, म्हणून इथे मी त्यांना श्येनलिनच म्हणते. सबंध वाल्मीकी रामायण त्यांनी मूळ संस्कृतातून चिनी पद्यात आणलं. आपल्याला रामायण घरबसल्या, कानावर पडून मिळालेलं असतं. ते दुसऱ्या भाषेत नेणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. श्येनलिन यांचं आयुष्य पाहिलं की तो उलगडत जातो.

त्यांचा जन्म १९११ चा, शानतुंग प्रांतातल्या एका खेड्यातल्या अगदी गरीब घरातला. सहाव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना जिनान शहरात काकांकडे पाठवलं. त्यानंतर आईची भेट जेमतेम दोन-तीनदा झाली, तीही घरात कुणी गेलं म्हणून गावी जावं लागलं तेव्हा. १९३३ मध्ये ते बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात पाश्चात्त्य साहित्य शिकत असताना आई गेली. शेजारणीने त्यांना सांगितलं की आई म्हणायची, एकदा गेला की परत येणार नाही हे आधी कळलं असतं, तर काही झालं तरी त्याला जाऊ दिलं नसतं. ही खंत त्यांनी म्हातारपणी लिहून काढली. आईला सोडून जायलाच नको होतं, असं त्यांनी त्यात सरळ म्हटलं आहे.

१९३५ मध्ये शिष्यवृत्तीवर ते जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. दोन वर्षांसाठी गेलेला मुलगा महायुद्धामुळे तिथे दहा वर्षं अडकला. काय शिकायचं हे सुरुवातीला ठरत नव्हतं. १९३६ मध्ये त्यांनी संस्कृत घेतलं. प्राध्यापक होते अर्न्स्ट वाल्डश्मिट, आणि प्रवेशाच्या वर्गात विद्यार्थी एकच, हा चिनी मुलगा. एकट्यासाठीही प्राध्यापक वेळेवर येऊन शिकवत. पद्धत खास जर्मन. स्टेंझलर यांचं लहानसं व्याकरण झपाट्याने संपवायचं आणि लगेच मूळ उताऱ्यांत उडी मारायची. पोहायला शिकवताना पोराला विहिरीत ढकलतात, तसंच. आपल्याकडे रूपं पाठ करून घेतात, मग सुभाषितं, मग पुढे कधीतरी काव्य. इथे देव शब्द पुरता तोंडी बसायच्या आत अख्खं वाक्य फोडायला लागायचं. प्रत्येक शब्दाची विभक्ती, प्रत्येक क्रियापदाचं रूप शोधून हजर करायचं. एका ओळीसाठी सबंध दुपार जायची.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘महावस्तु’ या बौद्ध ग्रंथातल्या गाथांमधली क्रियापदांची रूपं. प्रबंधाला त्यांनी लांबलचक प्रस्तावना लिहिली. त्यासाठी वर्षभर खपले, आधीच्या सगळ्या अभ्यासकांची मतं गोळा केली आणि मोठ्या आशेने प्राध्यापकांपुढे ठेवली. परत आली तेव्हा पहिल्या शब्दाआधी एक कंस उघडलेला होता आणि शेवटच्या शब्दानंतर तो मिटवलेला. मधलं सगळं काढून टाका, असा त्याचा अर्थ. वाल्डश्मिट यांनी कारणही सांगितलं. यात तुमचं स्वतःचं काहीच नाही, आणि दुसऱ्यांचं गोळा केलेलंही अपुरं आहे, त्यामुळे ज्याला टीका करायची त्याला कुठूनही वार करता येईल. श्येनलिन यांना धक्का बसला, पण त्या कंसाबद्दल ते जन्मभर कृतज्ञ राहिले. मला वाटतं, अनुवादक त्या दिवशी घडला. आपल्या हातात मूळ ओळ आहे, आणि आपण लिहिलेल्या प्रत्येक शब्दाचा हिशोब त्या ओळीशी लागला पाहिजे, ही शिस्त त्यांनी तिथे उचलली.

युद्ध सुरू झालं आणि वाल्डश्मिट यांना लष्करात बोलावलं. त्यांच्या जागी निवृत्त झालेले एमिल झीग परत शिकवायला आले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मध्य आशियात सापडलेली तोखारी ही मेलेली भाषा वाचणाऱ्या पहिल्या दोघांपैकी ते एक. ही विद्या माझ्याबरोबर जायला नको, तुला शिकावीच लागेल, असा आग्रह त्यांनी या परदेशी मुलाकडे धरला. हवाई हल्ल्यांच्या भीतीने शहरात रात्री दिवे बंद असत. वर्ग सुटला की बर्फावरून, अंधारातून श्येनलिन म्हाताऱ्या गुरूंचा हात धरून त्यांना घरी पोचवत. रेशनवर पोट भरत नव्हतं, घरून पत्र येत नव्हतं. १९४१ मध्ये डॉक्टरेट मिळाली तरी मायदेशाची वाट बंदच होती.

१९४६ मध्ये परतल्यावर बीजिंग विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा नवा विभाग उभा राहिला आणि पस्तिशीतले श्येनलिन त्याचे प्रमुख झाले. कालिदासाचं ‘शाकुंतल’ त्यांनी केलं ते १९५६ मध्ये. त्याआधी चिनीत शकुंतला इंग्रजी-फ्रेंचमधून फिरून आली होती, थेट संस्कृतातून ती पहिल्यांदाच आली. पुढच्या वर्षी बीजिंगच्या रंगभूमीवर त्याचा प्रयोगही झाला. १९५९ मध्ये ‘पंचतंत्र’, १९६२ मध्ये ‘विक्रमोर्वशीय’. १९६० पासून पाच वर्षं त्यांनी संस्कृत-पालीचा एक वर्ग चालवला. पाठ्यपुस्तक तेच, स्टेंझलरचं, स्वतः चिनीत आणलेलं.

या वर्गाला शिकवणारे दोघे होते. दुसरे जिन खमू. त्यांची गोष्ट मराठी वाचकाला जास्त जवळची वाटावी. जिन १९४१ मध्ये कलकत्त्याला आले, तिथून सारनाथला गेले, आणि तिथे त्यांना गुरू भेटले ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवळचे, मराठीत बुद्धचरित्र लिहिणारे आपले धर्मानंद. जिन यांनी त्यांच्या पायाशी बसून पाली आणि संस्कृत घेतलं, आणि पुढे आपल्या भारतातल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल फार जिव्हाळ्याने लिहिलं. ज्या १९५६ मध्ये श्येनलिन यांचं ‘शाकुंतल’ आलं, त्याच वर्षी जिन यांचं ‘मेघदूत’ आलं. एक जर्मन पठडीतला, दुसरा सारनाथच्या झाडाखालचा. दोघांचं संस्कृत एकाच वर्गात शिकवलं जात होतं.

मग माओंनी १९६६ मध्ये पुकारलेली सांस्कृतिक क्रांती आली. विद्वान, शिक्षक, परदेशात शिकलेले, सगळे संशयित ठरले. ‘बैलभुतं आणि सर्पराक्षस’ अशी शिवी तेव्हा सर्रास वापरत, म्हणून अशा माणसांना कोंडायच्या जागेला नाव पडलं ‘गोठा’. १९६७ मध्ये श्येनलिन यांच्या घरावर धाड पडली. जाहीर सभांत उभं करून अपमान, मारहाण सुरू झाली. एका क्षणी त्यांनी जीव द्यायचं ठरवलं होतं. घरातून निघणार इतक्यात रेड गार्डची, म्हणजे या क्रांतीतल्या विद्यार्थी-दलाची, मुलं दार ठोठावत आली आणि त्यांना मारहाणीच्या सभेला ओढून घेऊन गेली, म्हणून ते वाचले. त्या सभेत त्यांच्या लक्षात आलं की माणूस आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त सोसू शकतो. १९६८ मध्ये ते कित्येक महिने विद्यापीठातल्याच गोठ्यात कैदेत होते. सुटल्यावर शिकवायला बंदी, आणि मग वसतिगृहाच्या दारावरची ती नेमणूक.

लेख लिहायची सोय नव्हती, छापणार कुणी नव्हतं. पण हात रिकामे ठेवणं त्यांना जमेना. त्यांनी मनाशी विचार केला तो असा: एखादं असं काम घ्यावं जे खूप लांबेल, खूप अवघड असेल आणि ज्यातून काहीही निष्पन्न होणार नाही. तसं काम म्हणजे रामायण. लांबी प्रचंड, विषय बाहेरचा, जुना आणि धार्मिक, म्हणजे छापला जाण्याचा प्रश्नच नाही. स्वतःला वाचवण्यासाठी त्यांनी ते घेतलं.

आता मूळ प्रत कुठली? हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका साधा नाही. रामायणाचा एकच एक पाठ नाही. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या हस्तलिखितांत श्लोकच्या श्लोक वेगळे आहेत. पारंपरिक गणना चोवीस हजारांची. देशभरची हस्तलिखितं जमवून, ओळ न् ओळ ताडून, सर्वांत जुना पाठ कोणता असावा हे ठरवण्याचं काम बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने केलं. याला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. तिचे सात खंड १९६० ते १९७५ या काळात निघाले आणि त्यात सुमारे एकोणीस हजार श्लोक राहिले. अयोध्याकांड आणि युद्धकांडाचं संपादन केलं ते डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचेही ते प्रमुख संपादक होते.

श्येनलिन यांनी विभागाच्या ग्रंथालयातल्या माणसाला भीत भीत विचारलं, ही आवृत्ती भारतातून मागवता येईल का. नाही म्हणतील अशीच अपेक्षा होती. १९६२ च्या युद्धापासून दोन्ही देशांत राजदूतसुद्धा नव्हते, ते पुन्हा नेमले गेले १९७६ मध्ये. आणि मागवणारा माणूस रखवालदार. तरी दोन महिन्यांच्या आत बडोद्याचे ते जाडजूड ग्रंथ बीजिंगमध्ये येऊन पोचले. ते पाहून किती दिवसांनी आनंद झाला, हे त्यांनी नंतर लिहिलं आहे.

खरी अडचण इथून पुढची. आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेला श्लोक घेऊ, ‘मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः शाश्वतीः समाः। यत्क्रौञ्चमिथुनादेकमवधीः काममोहितम्॥’ अनुष्टुभ छंद, चार चरण, चरणात आठ अक्षरं. संस्कृतात शब्दाचं नातं त्याच्या शेपटीत असतं. ‘मिथुनात्’ म्हटलं की ‘जोडीमधून’ हे आपोआप कळतं, मग तो शब्द ओळीत कुठेही ठेवा. चिनीत ही शेपटीच नाही. विभक्ती नाही, वचन नाही, क्रियापदाला काळ-पुरुषाप्रमाणे रूपं नाहीत. कोण, कुणाला, कशातून हे सगळं शब्द कुठे ठेवला आहे यावरून कळतं. म्हणजे संस्कृत कवीने छंदासाठी हवे तसे विखुरलेले शब्द चिनी अनुवादकाला आधी उचलून सरळ रांगेत लावावे लागतात. म्हणूनच रात्री घरी आधी गद्य. ते जमलं की मग दुसरं काम, त्याला चाल देणं.

चिनीत एक लिपिचिन्ह म्हणजे एक उच्चार. त्यामुळे आठ अक्षरांच्या चरणाला सात-आठ चिन्हांची ओळ छान जुळते, आणि श्येनलिन यांनी तेच केलं. एका श्लोकाच्या चार ओळी, ओळींची लांबी साधारण सारखी, आणि यमक. जुन्या चिनी काव्याचे कडक नियम घेतले असते तर अर्थ चेपला गेला असता. मोकळ्या नव्या कवितेत केलं असतं तर महाकाव्याची लय गेली असती. त्यांनी मधली वाट काढली, तोंडात सहज बसणाऱ्या लोकगीतासारखी. ‘मा निषाद’ची त्यांची चिनी ओवी मराठीत सांगायची तर अशी: कधीच नाही, निषादा, तुला मोठं नाव, चांगलं फळ मिळणार, पक्ष्यांची जोडी रतिसुखात रमलेली, त्यातल्या एकाला तू चक्क मारलंस. हा ‘चक्क’ संस्कृतात नाही. चिनीत त्यांनी तिथे एकच उच्चाराचा ‘चिंग’ हा शब्द घातला आहे. काहीतरी कल्पनेपलीकडचं, होऊ नये ते घडलं, असं तो एक शब्द सांगतो. मूळ श्लोकात वाल्मीकींचा धक्का ‘मा’ या पहिल्याच अक्षरात आहे. चिनीत तो शेवटच्या ओळीत गेला. मला ही जागा फार आवडते. शब्द हलला, पण पक्षी पडल्याचं दुःख हललं नाही.

नावांचंही तसंच. राम झाला ‘ल्वोमो’, सीता ‘शीत्वो’. ही उच्चारावरून घेतलेली नावं. पण दशरथ आला अर्थाने: ‘दहा रथांचा राजा’. आणि खुद्द वाल्मीकी झाले ‘यीतिए’, म्हणजे मुंग्यांचं वारूळ. वल्मीक म्हणजे वारूळ हे आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं, पण नाव उच्चारताना ते डोळ्यांपुढे येतंच असं नाही. चिनी वाचकाच्या समोर मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच वारूळ असतं.

अनुवादकाला छळणाऱ्या जागा आणखी होत्या. वनाचं वर्णन आलं की झाडांच्या नावांची माळ, युद्ध आलं की अस्त्रांची माळ, आणि एकाच रामाला राघव, काकुत्स्थ, दाशरथी. संस्कृतात ही नावं छंदाची जागा भरतात आणि कानाला गोड लागतात. चिनीत प्रत्येक नाव तीन-चार चिन्हं खातं आणि यमकात बसत नाही. सोडून द्यावं म्हटलं तर ग्योटिंगेनचा कंस आठवत असणार. ते सोडत नव्हते.

१९७७ मध्ये काम पुरं झालं, सुमारे ऐंशी हजार ओळी. तोवर काळ पालटला होता. छापायचंच नाही म्हणून घेतलेलं काम छापायला मागू लागले. १९८० ते १९८४ या काळात आठ पुस्तकांत ते बाहेर पडलं. दरम्यान १९७८ मध्ये रखवालदाराचे ते विद्यापीठाचे उपाध्यक्ष झाले होते.

वानरांबद्दल थोडं सांगायला हवं. चीनमधल्या प्रसिद्ध वानरवीराच्या, सुन वूखोंगच्या, मुळाशी हनुमान आहे की तो तिथलाच, हा तिथल्या विद्वानांचा जुना वाद. श्येनलिन हनुमानाच्या बाजूचे. रामकथा चीनमध्ये त्यांच्या अनुवादाच्या कितीतरी आधी पोचली होती, हे त्यांनी दाखवून दिलं. तिसऱ्या शतकात चिनीत आलेल्या एका बौद्ध कथासंग्रहात राज्य गमावलेला राजा, पळवलेली राणी आणि मदतीला आलेली वानरं आहेत, फक्त कुणालाच नाव नाही. तिबेटी, मंगोल आणि युन्नानमधल्या दाय लोकांच्या भाषांतही ही कथा आहे.

एकेका शब्दाच्या मागे लागायची त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नाही. शर्करेवरून आपली साखर आली आणि जगभरचे शब्द आले. मग शेजारच्या हिंदीत पांढऱ्या साखरेला ‘चीनी’ का म्हणतात? वायव्य चीनमधल्या तुनह्वांगला सापडलेल्या एका जुन्या कागदाच्या तुकड्यावर भारतीय पद्धतीने साखर कशी करावी हे लिहिलेलं होतं. तो वाचता वाचता ते या प्रश्नात शिरले आणि साखरेचा मोठा इतिहास लिहून बाहेर आले. साखर करण्याची विद्या भारतातून चीनमध्ये गेली आणि तिथून स्वच्छ पांढरी होऊन परतली. ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाची सटीप आवृत्तीही त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८५ मध्ये काढली. पुलकेशीच्या राज्यातल्या, उपकार न विसरणाऱ्या आणि अपमान सहन न करणाऱ्या महाराष्ट्रीयांचं जे वर्णन आपण अभिमानाने सांगतो, ते याच ग्रंथातलं.

त्यांच्या साधेपणाची एक आठवण तिथे आजही सांगतात. नव्याने दाखल झालेल्या एका मुलाने विद्यापीठाच्या आवारात निळ्या कोटातला एक म्हातारा पाहिला. शिपाईबिपाई असावा असं समजून, जरा सामान बघता का, म्हणून तो नाव नोंदवायला गेला. तासाभराने परतला तर म्हातारा तिथेच, बॅगांपाशी उभा. दुसऱ्या दिवशी स्वागतसमारंभात तो म्हातारा व्यासपीठावर उपाध्यक्षांच्या खुर्चीत होता.

२००८ मध्ये भारताने त्यांना पद्मभूषण दिलं. तेव्हा ते बीजिंगच्या रुग्णालयात होते. ११ जुलै २००९ रोजी ते गेले.

१९६० च्या त्या वर्गातली मुलं पुढे काय करत होती? जिन खमूंनी महाभारताच्या आदिपर्वाचे पहिले अध्याय चिनीत करून नमुना घालून दिला होता. वर्गातले चाओ ग्वोह्वा यांनी ते काम अंगावर घेतलं. १९९१ मध्ये ते अकाली गेले. मग त्यांचे सहाध्यायी ह्वांग बाओशंग यांनी सहकाऱ्यांना जमवून दहा-बारा वर्षं खपून ते तडीस नेलं. २००५ मध्ये सबंध महाभारत सहा जाड खंडांत चिनीत आलं. त्यांच्या टेबलावर मूळ संस्कृत प्रत म्हणून उघडी होती ती पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, १९६६ मध्ये पुरी झालेली.